शिडीचा फोटो बघून बोनेर ठरलं

दादाच्या डोक्यात मेक्सिकोचं कोझुमेल बेट होतं, वहिनीला बोट लागते म्हणून तिच्या डोक्यात काहीच नव्हतं, आईला विचारलं तर म्हणाली तुम्ही न्याल तिथे येते, आणि माझ्या आठ वर्षांच्या मुलीला फक्त कासव बघायचं होतं. जुलै २०२५ मध्ये आम्ही आठ जण कॅरिबियनमधल्या बोनेर बेटावर डायव्हिंगसाठी जाऊन आलो. त्याच्या आधीचे जवळजवळ सहा महिने माझे 'जायचं कुठे' या एकाच प्रश्नात गेले. तेव्हा हे कोणी मराठीत बसून सांगितलं असतं तर बराच वेळ वाचला असता, म्हणून लिहितेय.

आधी माणसं सांगते, कारण सगळा घोळ तिथेच आहे. दादा आमच्यातला खरा डायव्हर, दोनशेच्या वर डाइव्ह झालेत, त्याला खोल भिंती आणि बुडालेली जहाजं आवडतात. मी त्याच्याच मागे लागून शिकले, अ‍ॅडव्हान्स्डपर्यंत केलं, चौतीस डाइव्ह झाल्या, आणि मग मुलीच्या जन्मापासून हवेची टाकी पाठीवर घेतलीच नाही. भाची सोळाची, आदल्या वर्षी ओपन वॉटर, म्हणजे डायव्हिंगचा पहिला कोर्स, झाला, हातात सहा डाइव्ह. भाचा अकराचा, त्याला शिकायचंच होतं, रोज विचारायचा. नवरा अठ्ठेचाळीस, पोहतो छान, पण टाकीला कधी हात लावलेला नाही, आणि बीपीची गोळी चालू. वहिनी पोहते, स्नॉर्कलिंग करते (मास्क आणि नळी लावून पाण्यावरूनच खाली बघायचं), डायव्हिंग नको म्हणते. आई अडुसष्टची, पोहता येत नाही, उजवा गुडघा दुखतो. आणि माझी मुलगी.

मी एक एक्सेल शीट केली. आडव्या ओळींत बेटं, उभ्या रकान्यात खर्च, विमान, रीफ म्हणजे प्रवाळाची रांग कशी, पाणी किती स्वच्छ, मोठे मासे दिसतात का. महिनाभर तीच भरत बसले होते. प्रत्येक बेटाला काहीतरी भन्नाट होतं आणि प्रत्येकाबद्दल वाचलं की तेच बरोबर वाटायचं.

कोझुमेलचं सांगते, कारण दादाचा जीव तिथे अडकला होता आणि चुकीच्या जागी नव्हता. मेक्सिकोचं बेट, पालांकार रीफ, सांता रोसाची भिंत, आणि पाणी असं स्वच्छ की खाली बघितलं तर पोटात गोळा येतो. पण तिथलं डायव्हिंग म्हणजे ड्रिफ्ट. प्रवाह तुम्हाला घेऊन जातो, तुम्ही भिंतीच्या कडेने वाहत जायचं आणि बोट वरून बुडबुड्यांच्या मागे मागे येते. दादासारख्याला ते स्वर्ग आहे. पण ज्या पोराला अजून पाण्यात एका जागी स्थिर तरंगता येत नाही, त्याने पहिल्या चार डाइव्हमध्ये वाहत्या पाण्यात मास्कमधलं पाणी काढायला शिकायचं, हे माझ्या मनाला पटेना. तिथे नवीन लोक शिकत नाहीत असं नाही, शिकतात, शांत जागाही आहेत. पण मग दादा एका बोटीवर आणि भाचा दुसऱ्या, आणि भाच्याला तर बाबाबरोबरच जायचं होतं.

भाचीने बेलीझच्या ब्लू होलचे फोटो पाठवले. तो वरून दिसतो अप्रतिम, समुद्रात जवळजवळ ३०० मीटर रुंदीचा निळाशार गोल, खोली १२० मीटरच्याही वर. पण त्यात बघण्यासारखे जे चुनखडीचे लोंबते खांब आहेत ते ४० मीटरच्या आसपास, आणि ओपन वॉटरवर तिची मर्यादा १८ मीटर. तिला हे समजावताना मलाच वाईट वाटलं.

ग्रँड केमन खूप जवळ आलं होतं. वाळूच्या उथळ पट्टीवर कमरेइतक्या पाण्यात उभं राहून स्टिंगरे नावाचे चपटे मासे बघता येतात, म्हणजे आईचीही सोय. २०११ मध्ये मुद्दाम बुडवलेलं किटिवेक जहाज आहे, म्हणजे दादाचीही. पण तिथला डॉलर अमेरिकन डॉलरपेक्षा महाग, एका केमन डॉलरला साधारण १.२० अमेरिकन डॉलर, आणि आठ जणांचं राहणं-खाणं त्या हिशोबाने लावलं की आकडा बघून मी लॅपटॉप बंद केला. होंडुरासचं रोआतान मला मनापासून आवडलं होतं, रीफ किनाऱ्याच्या जवळ, कोर्स परवडणारे, फक्त किनाऱ्यावरच्या त्या बारीक चावऱ्या माश्यांबद्दल इतकं वाचलं की आईच्या पायांची काळजी वाटायला लागली, तिला साधा डास चावला तरी आठ दिवस फोड राहतो.

आणि सगळ्यांच्या डोक्यावर वादळांचं. मुलांच्या सुट्ट्यांमुळे जुलैच जमत होता आणि अटलांटिकचा हरिकेन सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर. जुलै त्यातला त्यात बरा, खरा जोर ऑगस्टच्या मध्यापासून पुढे, पण आठ तिकिटं काढताना 'त्यातला त्यात' या शब्दावर विसंबायची माझी तयारी नव्हती.

मग एके रात्री वहिनीचा फोन आला. मी तिला उत्साहाने शीट वाचून दाखवत होते, तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे सगळं छान आहे गं, पण मला एक सांग, तुम्ही सकाळी आठला बोटीवर जाणार, दुपारी एकला येणार. मी, आई आणि छोटी, आम्ही तिघी रोज धक्क्यावर तुम्हाला टाटा करायला येणार आणि मग तुमची वाट बघत बसणार, असंच ना?"

तिच्या आवाजात राग नव्हता म्हणून ते जास्त लागलं. मी रकान्यात रीफची रंगसंगती लिहून ठेवली होती आणि आठातल्या तीन माणसांचा दिवस कसा जाणार हे कुठेच लिहिलं नव्हतं.

त्या रात्रीच दुसरी शीट केली. या वेळी ओळींत बेटं नाहीत, माणसं. आणि रकान्यात एकच गोष्ट: सकाळी दहा वाजता हे माणूस कुठे असेल? अकरा वाजता? कोणाची वाट बघत असेल का? कोणाला दुसऱ्यासाठी थांबावं लागेल का? प्रत्येक बेटासाठी हे भरलं आणि अर्धी यादी आपोआप गळाली, कारण जिथे सगळं डायव्हिंग बोटीवरून होतं तिथे आमचं घर रोज सकाळी दोन भागांत फाटत होतं. बोटीचं वेळापत्रक सगळ्यांना एकच असतं. एकाचे कान दुखले, एकाला मळमळलं, एकाची हवा पंधरा मिनिटं आधी संपली, तरी सगळ्यांनी त्याच बोटीवर थांबायचं.

म्हणजे आम्हाला हवं होतं किनाऱ्यावरून चालत जाऊन करायचं डायव्हिंग, आणि त्यात बोनेरचं नाव अगदी वरचं. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यासमोरचं छोटंसं डच बेट, २०१० पासून नेदरलँड्सची खास नगरपालिका, चलन मात्र अमेरिकन डॉलर. इतकं दक्षिणेला की वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या बाहेर. कधीच काही होत नाही असं मात्र नाही, १९९९ च्या लेनी वादळाच्या लाटांनी तिथल्या उथळ प्रवाळाची बरीच नासधूस केली होती. बेटाभोवतीचा सगळा समुद्र ६० मीटर खोलीपर्यंत १९७९ पासून संरक्षित आहे, नांगर टाकायला बंदी, हातमोजे घालायला बंदी. रस्त्याच्या कडेला पिवळ्या रंगाने रंगवलेले दगड असतात, त्यावर डाइव्ह साइटचं नाव. दगड दिसला की पिकअप थांबवायची, सामान चढवायचं आणि पाण्यात शिरायचं, इतकं ते सरळ आहे. आणि आमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रीफ किनाऱ्याला खेटून आहे. बऱ्याच ठिकाणी आधी उथळ पठार, मग दहा मीटरच्या आसपास कडा आणि तिथून उतार खाली तीस मीटरपर्यंत जातो. म्हणजे एकाच जागी वर स्नॉर्कल करणारा, मधे नवशिका आणि खाली दादा.

दादाला सांगितलं तेव्हा तो जरा गप्प झाला. "भिंत नाही तिथे कोझुमेलसारखी," एवढंच म्हणाला. मग दोन दिवसांनी स्वतःच फोन करून म्हणाला की हिल्मा हूकर हे बुडालेलं जहाज आहे ना तिथे, चालेल.

पण बोनेरची एक अडचण अशी की तिथे मऊ वाळूचे लांबच लांब किनारे फारसे नाहीत. बहुतेक ठिकाणी पाण्यात शिरायची वाट म्हणजे तुटलेल्या प्रवाळाचे दगड, टोकदार, ओले, आणि लाट आली की पाय सरकतो. मला जाड तळव्याचे बूट घालून जमेल, आईचं काय? दुखऱ्या गुडघ्याने ती एक दगड ओलांडणार नाही. हे डोक्यात आल्यावर पुन्हा दोन रात्री झोप नाही.

मग मी चार ठिकाणी मेल केला, जिथे राहायची सोय आणि डाइव्ह शॉप एकत्र आहे आणि धक्क्यासमोरच त्यांची रीफ आहे अशा जागा. मेलमध्ये रीफबद्दल एक अक्षर नाही. फक्त एवढंच, की माझी आई अडुसष्ट वर्षांची आहे, पोहता येत नाही, गुडघा दुखतो, तुमच्या धक्क्यावरून पाण्यात उतरायला काय आहे त्याचा फोटो पाठवाल का, पाण्याखाली किती पायऱ्या जातात आणि धरायला कठडा आहे का. एकाने उत्तरच दिलं नाही. एकाने पॅकेजची माहितीपत्रिका पाठवली, त्यात स्विमिंग पूल आणि सूर्यास्त. एकाने कळवलं की उभी शिडी आहे, तुमच्या आईला जमणार नाही बहुतेक, आणि हे खरं सांगितल्याबद्दल मला त्यांचं फार कौतुक वाटलं. चौथ्या ठिकाणाहून दुसऱ्या दिवशी मोबाईलवर काढलेला फोटो आला, जरा वाकडा, कडेला कोणाचं तरी ओलं पाऊल. तिरकी रुंद शिडी, दोन्ही बाजूंना स्टीलचा कठडा, आणि खाली लिहिलेलं की पाण्याखाली पाच पायऱ्या आहेत, सकाळी नऊच्या आधी समुद्र सगळ्यात शांत असतो, आम्ही कोणीतरी खाली उभे राहू. मी तो फोटो वहिनीला पाठवला. तिचं उत्तर आलं, "बुक कर."

पुढची तयारी फार कोणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. भाच्याने आणि नवऱ्याने थिअरी ऑनलाइन आणि पूलमधले धडे घरीच पूर्ण केले, समुद्रातल्या चार डाइव्ह तेवढ्या तिथे करायच्या ठेवल्या, याला रेफरल म्हणतात. यामुळे सुट्टीतले दोन-तीन दिवस वर्गात आणि पूलमध्ये गेले नाहीत. फक्त रेफरलची मुदत बारा महिन्यांची असते, तेवढ्यात उरलेलं करावं लागतं. अकराव्या वर्षी पाडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेचं ज्युनियर ओपन वॉटर होतं, पण १२ मीटरच्या खाली जायचं नाही आणि सोबत आई-बाबा, पालक किंवा प्रोफेशनल हवाच. मुलीसाठी बबलमेकर, म्हणजे लहान मुलांना टाकीने श्वास घेऊन बघायचा छोटा धडा, आठव्या वर्षापासून, दोन मीटरपर्यंत.

मेडिकल फॉर्म मात्र अगदी सुरुवातीला भरा, हात जोडून सांगते. त्यात पंचेचाळीसच्या वर असाल तर पुढचे प्रश्न येतात, बीपी आहे का, कोलेस्टेरॉल, सिगरेट, घरात कोणाला कमी वयात हृदयाचा त्रास. एक जरी 'हो' आला तर डॉक्टरची सही लागते. बेटावर पोचल्यावर हे कळलं असतं तर नवऱ्याचा पहिला दिवस दवाखाना शोधण्यातच गेला असता. आम्ही एप्रिलमध्येच भरला, डॉक्टरांनी तपासलं, ईसीजी काढला, स्ट्रेस टेस्ट करायला लावली आणि सही दिली. काही लोक सांगतात की सगळीकडे 'नाही' लिहून टाका. कृपया असं करू नका, तो फॉर्म शॉपसाठी नाही, पाण्याखाली तुमचा जीव तुमच्या हृदयावर असतो.

आणि मी रिफ्रेशर, म्हणजे उजळणीचा धडा, केला. पूलमध्ये, दोन मीटर पाण्यात, गुडघ्यांवर बसून मास्क पूर्ण काढायचा आणि परत घालायचा. इतक्या वर्षांनी मास्क काढल्याबरोबर नाकावर गार पाणी आलं आणि छातीत धस्स झालं, हवा देणारा रेग्युलेटर तोंडात आहे, हवा येतेय, सगळं माहीत असून हात वर जायला बघत होता. इन्स्ट्रक्टरने दंडाला हात लावून ठेवला. दुसऱ्यांदा बरं गेलं, चौथ्यांदा भीती गेली. ही भीती मला भाच्यासमोर, समुद्रात भेटली असती तर त्याचाही धीर सुटला असता.

डायव्हिंगचा वेगळा विमा सगळ्या डायव्हर्सचा घेतला. बोनेरवर हायपरबेरिक चेंबर, म्हणजे डायव्हिंगमधल्या अपघातावर उपचार करायची दाबाची खोली, आहे हे आधी बघून ठेवलं होतं. खर्चात दोन गोष्टी धरायच्या राहून जातात, आम्ही गेलो तेव्हा बेटावर शिरताना मोठ्या माणसामागे ७५ डॉलरचा कर आणि समुद्रात उतरणाऱ्यासाठी ४० डॉलरची नेचर फी, जी त्या कॅलेंडर वर्षापुरती चालते. ती फी स्नॉर्कल करणाऱ्यांनाही आहे. द्यायला अजिबात जड वाटलं नाही, पैसे कुठे जातात ते पाण्याखाली दिसतं.

विमानांचं गणित असं बसलं की शनिवारी पोचायचं आणि पुढच्या शनिवारी निघायचं. तारीख दादाने निवडली, त्याचं कारण पुढे सांगते.

पहिल्या दिवशी सगळ्या डायव्हर्सना ओरिएंटेशन आणि चेक डाइव्ह सक्तीची असते, नियम सांगतात, मग समोरच्याच पाण्यात खाली जाण्यासाठी कमरेला बांधायची वजनं वगैरे तपासून घेतात. दोनशे डाइव्हवाल्या दादालाही चुकली नाही आणि त्यालाच सगळ्यात आवडली, कारण त्याने बांधलेलं वजन दोन किलोने जास्त निघालं. तिथेच कळलं की प्रवाळांचा एक रोग २०२३ मध्ये बेटावर पोचलाय, म्हणून सामान जंतुनाशकाच्या पिंपात बुडवूनच न्यायचं. पुढे दोन-तीन ठिकाणी मेंदूसारखे गोल प्रवाळ बघितले, एका कडेने पांढरे पडत चाललेले. भाची त्या एकासमोर बराच वेळ थांबून राहिली होती.

आमचा दिवस मग असा लागला. सकाळी साडेसहाला दादा आणि मी पिकअप काढायचो, टाक्या शॉपच्या मागच्या बाजूला गाडी लावूनच भरायच्या, आणि खोल डाइव्ह करून साडेनऊपर्यंत परत. चोरीच्या भीतीने गाडीत काहीही ठेवायचं नाही, पाकीट नाही, फोन नाही, काचा खाली, दारांना कुलूप नाही, हे आधीच सगळ्यांनी सांगितलं होतं आणि आम्ही पाळलं. हिल्मा हूकर असंच सकाळी केलं. ७२ मीटरचं मालवाहू जहाज, गांजा सापडला म्हणून पकडून ठेवलेलं, ते १९८४ मध्ये तिथेच बुडालं, आता उजव्या कुशीवर झोपलेलं आहे, तळ तीस मीटरवर. निळ्यातून ते हळूहळू मोठं होत आलं तेव्हा दादाने मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि ओकेची खूण केली, तो आमच्या कोझुमेलच्या वादाचा शेवट होता.

आम्ही परत यायच्या आत वहिनी आणि आई धक्क्यावर असायच्या. पहिल्या दिवशी आईने शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभं राहून वीस मिनिटं पाणी फक्त अंगावर घेतलं. लाइफ जॅकेट, दोन्ही हातांनी कठडा, खाली शॉपचा मुलगा उभा. दुसऱ्या दिवशी मास्क लावून तोंड पाण्यात घातलं आणि लगेच वर काढून म्हणाली, "अगं, आवाज येतोय. काहीतरी कुरतडतंय." पॅरटफिश होते, चोचीने प्रवाळ खरवडत होते, तो कुर्र-कुर्र आवाज पाण्यात स्पष्ट येतो. मी इतक्या डाइव्ह केल्या, पण मला कोणी विचारलं असतं की तिथे काय ऐकू येतं, तर मी बुडबुडे म्हटलं असतं.

नवऱ्याचं मात्र मनासारखं झालं नाही. पहिली डाइव्ह छान झाली. दुसऱ्या डाइव्हला चार मीटरवर डावा कान मोकळा होईना. वर आला, गिळलं, नाक धरून हळूच फुंकलं, पुन्हा प्रयत्न, पुन्हा तेच. इन्स्ट्रक्टरने तीनदा करून थांबवलं, जोर करू नका म्हणाली, कानाचा पडदा एकच आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. त्याने कोर्स तिथेच सोडला, चेहरा उतरला होता, आणि मला खरंच वाटलं की आता याची सुट्टी गेली. बोटीवरची सुट्टी असती तर गेलीच असती.

पण त्याच दुपारी भाच्याची चौथी डाइव्ह होती, दादा, भाची आणि मी सोबत. परत येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबलो, सेफ्टी स्टॉप, आणि सहज वर बघितलं. पृष्ठभागावर नवरा होता, स्नॉर्कल लावून, बरोब्बर आमच्या वर, आणि त्याचा हात धरून मुलगी. ती दोघं डाइव्हभर आमच्या बुडबुड्यांच्या मागे आली होती. मुलीने बुडबुडे पकडायला हात लावला, फुटले, परत लावला. भाच्याने वर बघून हात हलवला आणि त्या नादात अर्धा मीटर वर गेला, मग दादाने त्याच्या पायातला फिन धरून खाली घेतलं. सगळी मिळून आम्ही सहा जणं एकाच पाण्यात होतो, आणि धक्क्यावरून वहिनी आणि आई आमचे बुडबुडे मोजत होत्या.

कासव आईलाच पहिल्यांदा दिसलं. विमानतळाजवळ 'ते आमो' नावाचा वाळूचा किनारा आहे, तिथे पायाखाली दगड नाहीत, आणि विमानं अगदी डोक्यावरून उतरतात. आई जॅकेट घालून, नवऱ्याने आणि वहिनीने दोन्हीकडून धरलेली, तोंड पाण्यात, आणि ती जोरजोरात हात आपटायला लागली. आम्हाला वाटलं घाबरली. खाली कासव चरत होतं, शांतपणे. मुलगी ओरडली की आजीने आधी कसं बघितलं!

वाऱ्याच्या बाजूला लाक बे आहे, तिथे पाणी कमरेइतकंच पण वारा भरपूर, वहिनी आणि भाचीने तिथे विंडसर्फिंगचा धडा घेतला. थाउजंड स्टेप्सला आम्ही चौघंच गेलो. पायऱ्या प्रत्यक्षात सत्तरही नाहीत, पण उन्हात टाकी घेऊन चढताना नाव कसं पडलं ते कळतं, आईला न नेण्याचा निर्णय बरोबर होता. क्लाइन बोनेर या निर्जन बेटावर एकदाच छोट्या बोटीने आठही जण गेलो, थोडाच वेळ लागतो, वहिनीने गोळी घेतली होती, काही झालं नाही. सॉल्ट पियरला, म्हणजे मिठाच्या धक्क्याला, जहाज लागलेलं असल्यामुळे पहिल्यांदा परत फिरावं लागलं, जहाज असताना तिथे उतरता येत नाही. दोन दिवसांनी गेलो तेव्हा खांबांच्या मधून तिरका उजेड पडला होता आणि खांबांवर पिवळे-केशरी स्पंज.

आता तारखेचं. बोनेरला पौर्णिमेनंतरचे साधारण दोन ते पाच दिवस, सूर्यास्तानंतर चंद्र उगवायच्या आत, पाण्यात ऑस्ट्राकॉड नावाचे अगदी बारीक कवचधारी जीव उजेड पाडतात. १० जुलैला गुरुपौर्णिमा होती, आम्ही १२ ला पोचलो. सोमवारी संध्याकाळी अंधार पडल्यावर दादा, भाची आणि मी धक्क्याखाली तीन-चार मीटरवर गेलो आणि टॉर्च बंद केले. आधी काहीच नाही, फक्त काळोख आणि स्वतःचा श्वास. मग एक निळसर ठिपका, त्याच्या वर दुसरा, तिसरा, अशी उभी माळ लागत गेली, विझली, बाजूला दुसरी लागली. थोड्या वेळाने चहूबाजूंनी. भाचीने माझा हात इतका घट्ट धरला होता की वर आल्यावर नखांचे वळ दिसत होते. नवरा आणि भाचा वर स्नॉर्कलवर होते, दिवे बंद करून, त्यांनाही दिसलं. तिथेच टॉर्च परत लावला तर शेजारून माणसाएवढा टार्पन मासा गेला, चंदेरी, आपल्याच उजेडात शिकार करायला येतात ते, आधी माहीत नसेल तर काळजाचा ठोका चुकतो.

शेवटची डाइव्ह शुक्रवारी सकाळी. अनेक डाइव्ह झाल्या असतील तर विमानात बसायच्या आधी किमान अठरा तास सोडायचे असतात, आम्ही चोवीस सोडले. दुपारी सगळं सामान गोड्या पाण्यात धुऊन कठड्यावर वाळत घातलं आणि आठही जण गाढवांच्या अभयारण्यात आणि फ्लेमिंगो बघायला गेलो.

रात्री भाचा त्याचं लॉगबुक भरत बसला होता. आईने विचारलं यात काय लिहितोस, त्याने सांगितलं, खोली, वेळ, काय बघितलं. मग त्याने एक पान तिच्यासाठी भरलं. खोली अर्धा मीटर, वेळ चाळीस मिनिटं, बडी म्हणजे जोडीदार काका, पाहिलं कासव एक. तिने सही केली आणि पान फाडू नकोस, वहीतच राहू दे म्हणाली.

भाचा येत्या मार्चमध्ये बाराचा होतोय, म्हणजे त्याची मर्यादा १२ वरून १८ मीटर होणार. नवऱ्याने कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. आणि परवा दादाचा फोन आला, मला वाटलं पुन्हा कोझुमेल काढतो, तर म्हणाला, "त्या शिडीचा फोटो आहे ना गं अजून तुझ्याकडे? त्यांच्या मेलचा पत्ता पाठव."